इतिहासकाराचे ताटस्थ्य आणि इंद्रवेल्लीचे आकडे

१

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांस ‘आपल्या जिल्ह्यातील एक घटना’ या विषयावर दोन पृष्ठांचे टिपण लिहून आणावयास सांगितले होते. कोणी केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेवर लिहिले, कोणी कुंतालाच्या धबधब्यावर. एका गोंड विद्यार्थ्याने इंद्रवेल्लीचा गोळीबार हा विषय निवडला आणि टिपण अर्धवट ठेवून तो माझ्या खोलीत आला. ‘‘सर, किती माणसे मेली म्हणून लिहू? एके ठिकाणी तेरा दिली आहेत, दुसरीकडे साठ, आणि आमचे आजोबा शंभराच्या वर सांगतात.’’

मी त्याला म्हणालो, ‘‘तिन्ही आकडे लिही आणि पुढे चल.’’ तो दारापर्यंत गेला आणि परत वळून त्याने विचारले, ‘‘पण सर, खरे किती?’’

त्या वेळी मी दिलेले उत्तर निःपक्षपाती होते असे मला वाटले होते. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ते पळवाटीचे उत्तर होते अशी टोचणी लागली. इतिहासाच्या शिक्षकाने तीन आकडे एका ओळीत मांडून हात झटकावेत, यात त्याचे शिक्षकपण कोठे राहिले? त्या टोचणीतून प्रस्तुत लेख जन्मास आला आहे. आपल्या वाचकांत बहुसंख्य शिक्षकच असल्यामुळे हा प्रश्न त्यांच्याही वर्गात कधी ना कधी उभा राहिला असेल, निदान पुढे राहील, असे वाटते.

आपण ‘तटस्थ’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. परंतु तटावर उभे राहून पाण्याची खोली कळत नाही. त्यासाठी कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते. राजकीय वादात सापडलेल्या रक्तपाताचा इतिहास लिहिणाऱ्याने निष्कर्षाच्या बाबतीत तटावर राहावे, परंतु पुराव्याच्या बाबतीत मात्र गळ्यापर्यंत पाण्यात उतरावे, असे माझे म्हणणे आहे. या दोहोंची गल्लत झाली की ताटस्थ्याच्या नावाखाली केवळ आळस उरतो.

२

प्रथम निर्विवाद तेवढे सांगतो. २० एप्रिल १९८१ हा सोमवार होता. इंद्रवेल्लीचा तो आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी गिरिजन रयतु कूली संघम या संघटनेने तेथे सभा बोलाविली होती. ही संघटना तेव्हाच्या पीपल्स वॉर या नक्षलवादी पक्षाशी संबंधित होती. जमिनीचे पट्टे मिळावेत, सावकारांनी व व्यापाऱ्यांनी चालविलेली लूट थांबावी, या त्यांच्या मागण्या होत्या. सभेला अधिकाऱ्यांनी बंदी घातली. तरीही लोक जमले, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. इतक्यावर सर्वांचे एकमत आहे.

येथून पुढे वाटा फुटतात. सरकारी वृत्तांताप्रमाणे जमाव शस्त्रे घेऊन चालून आला, त्याने एका शिपायास ठार केले आणि पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला. त्यात १३ आदिवासी मृत्यू पावले. दुसऱ्या वृत्तांताप्रमाणे बंदीचा हुकूम दूरदूरच्या गुड्यांतून निघालेल्या लोकांस ठाऊकच नव्हता. त्यांतील कित्येक तर नेहमीप्रमाणे बाजारालाच आले होते. एका पोलिसाने एका गोंड स्त्रीच्या अंगावर हात टाकला, तिने प्रतिकार केला, आणि मग बंदुका चालल्या. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी मृतांचा आकडा ६० वा त्याहून अधिक सांगितला. गावोगावची स्मृती १०० च्या पलीकडे जाते.

या घटनेचे स्मारकही वादापासून सुटले नाही. १९८३ साली तेथे हुतात्म्यांचा स्तूप उभारण्यात आला. १९८६ साली कोणी तरी तो सुरुंगाने उडवून दिला. १९८७ साली आदिवासी विकासाचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेनेच तो पुन्हा बांधून दिला. त्यानंतरही कित्येक वर्षे २० एप्रिल आला की तेथे जमावबंदी लागू होई आणि मृतांच्या नातलगांना फूल वाहण्याचीही चोरी असे. पुढे तेलंगण राज्य झाले, निर्बंध सैल होत गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी त्या स्तूपापुढे श्रद्धांजली वाहिली.

या चाळीस-बेचाळीस वर्षांच्या क्रमातून पहिला धडा मिळतो तो हा, की ‘सरकार’ हे एकच एक साधन नव्हे. गोळीबाराचा वृत्तांत देणारे सरकार, स्तूप पुन्हा बांधणारे सरकार आणि त्यापुढे मान लववणारे सरकार या तीन निरनिराळ्या काळच्या, निरनिराळ्या हेतूंच्या साक्षी आहेत. ‘सरकारी म्हणजे खोटे’ हे म्हणणे जितके भाबडे, तितकेच ‘सरकारी म्हणजे अधिकृत, आणि अधिकृत म्हणजे खरे’ हेही भाबडे. दगडाची साक्षसुद्धा तो दगड कोणी, केव्हा आणि कशासाठी बसविला हे विचारल्यावाचून घेऊ नये.

३

आता आकड्यांकडे वळू. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की एका बाजूने १३ म्हटले, दुसऱ्या बाजूने ६० म्हटले, तर सत्य मध्ये कोठे तरी असणार. या न्यायाने सरासरी काढली तर साडेछत्तीस माणसे मेली असे उत्तर येते! हे गणित झाले, इतिहास नव्हे. दोन साक्षींच्या मधोमध उभे राहणे म्हणजे न्याय करणे नव्हे. न्यायाधीश वादी-प्रतिवादींच्या मधल्या खुर्चीवर बसतो खरा, पण निकाल तो पुराव्यावर देतो.

खरा प्रश्न असा विचारला पाहिजे: हा आकडा कोणी मोजला, कशाचा मोजला आणि कसा मोजला? सरकारी आकडा सामान्यतः प्रेतांचा असतो. ज्या प्रेताचा पंचनामा झाला, ज्याची शवचिकित्सा झाली, ते मोजले जाते. गोळी लागून जो रानात पळाला आणि चार दिवसांनी आपल्या गुड्यात मेला, ज्याच्या घरच्यांनी अटकेच्या भीतीने मुकाट्याने त्यास माती दिली, तो या मोजणीत येण्याची वाटच नाही. म्हणजे मोजणारा पूर्ण प्रामाणिक असला तरीही या पद्धतीचा कल कमी मोजण्याकडे असतो. उलट सत्यशोधन पथकाचा आकडा साक्षींवर उभा असतो. पथक गावोगाव जाते आणि ‘तुमच्यातील कोण परत आले नाही?’ असे विचारते. त्यात भीतीने दूर निघून गेलेला मनुष्य मेला म्हणून गणला जाण्याचा, किंवा एकच मनुष्य माहेरच्या व सासरच्या अशा दोन गावांच्या यादींत येण्याचा संभव असतो. येथेही मोजणारा प्रामाणिक असला तरी पद्धतीचा कल जास्त मोजण्याकडे झुकू शकतो.

एवढे ध्यानात घेतले की आकडे एकमेकांचे शत्रू राहत नाहीत. ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे होतात. शिवाय साक्षीशास्त्राचा एक जुना नियम असा आहे, की मनुष्य स्वतःच्या हिताविरुद्ध जे कबूल करतो त्यास विशेष वजन द्यावे. ज्या पक्षास आकडा कमी दाखविण्यात हित होते त्यानेच १३ मृत्यू मान्य केले आहेत. तेव्हा १३ हा या घटनेचा तळ आहे, छत नव्हे. ‘इंद्रवेल्लीत १३ माणसे मेली’ आणि ‘इंद्रवेल्लीत किमान १३ माणसे मेली’ या दोन वाक्यांत एकाच शब्दाचे अंतर आहे, पण त्या एका शब्दात इतिहासकाराचा सारा साक्षेप साठविलेला आहे.

येथे जालियनवाला बागेची आठवण होणे साहजिक आहे. १३ एप्रिल १९१९ च्या त्या संहाराबाबत सरकारने नेमलेल्या हंटर समितीने मृतांची संख्या ३७९ धरली. काँग्रेसच्या चौकशी समितीने ती १,००० च्या घरात नेली. काँग्रेसच्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. ही समिती उघडउघड एका पक्षाची होती. तरी तिने १,७०० हून अधिक साक्षी तपासून त्यांपैकी सुमारे ६५० च प्रसिद्धीसाठी निवडल्या. आणि ज्या विधानाबद्दल किंचितही शंका होती ते अहवालात येऊ दिले नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. उलट, सरकारी हंटर समितीतही सर चिमणलाल सेटलवाड व त्यांचे दोन भारतीय सहकारी यांनी आपला वेगळा अहवाल जोडला. तात्पर्य, पक्षाचे असणे आणि अविश्वसनीय असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पक्ष सर्वांनाच असतो. विश्वसनीयता ठरते ती कोण किती कठोरपणे स्वतःच्याच साक्षीदारांस चाळणी लावतो यावरून.

४

इंद्रवेल्ली ही या जिल्ह्यातील पहिली अशी घटना नव्हे. तिच्यामागे चाळीस वर्षांवर जोडेघाट आहे, आणि त्याच्याही मागे निर्मलचा वड. या तिन्ही ठिकाणी साधनांचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो.

निर्मल येथे १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लढलेल्या रामजी गोंडास व त्याच्या साथीदारांस एका वडाला फाशी देण्यात आले. त्या वडाचे तेलुगु नाव ‘वेय्यि उरुल मर्रि’, म्हणजे हजार फासांचा वड. वर्ष कोणी १८५७ देतात, कोणी १८६०. तो वड आज उरलेला नाही. त्याचे नाव मात्र उरले आहे, आणि त्या नावातील ‘हजार’ हा शब्द पुढे अनेक लेखांत मोजणीचा आकडा होऊन बसला. आपण मराठीतही ‘हजारदा सांगितले’ म्हणतो, तेव्हा कोणी मोजदाद मागत नाही. लोकस्मृतीतील गोल संख्या ही गणना नसते, ती दुःखाची व्याप्ती असते. ती खोटी नव्हे. परंतु तिला जमाखर्चाच्या रकान्यात बसविले तर तिचाही अपमान होतो आणि रकान्याचाही.

जोडेघाटचा प्रश्न तिथीचा आहे. जंगलखात्याच्या जुलमाविरुद्ध उभा राहिलेला कुमराम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात आपल्या अनेक साथीदारांसह मारला गेला. काही लेखनात १ सप्टेंबर १९४० ही तारीख आढळते, काहींत ऑक्टोबरातील निरनिराळ्या तारखा. आदिवासी मात्र इंग्रजी तारीख पाळतच नाहीत. ते दरवर्षी आश्विन पौर्णिमेस जोडेघाटला जमतात. मी सहज त्या वर्षाच्या चंद्रगतीचा हिशेब मांडला. १९४० साली आश्विन पौर्णिमा १६ ऑक्टोबरच्या सुमारास येते, आणि १ सप्टेंबर हा श्रावण अमावास्येलगतचा, म्हणजे ऐन पोळ्याच्या सुमाराचा दिवस ठरतो. बैलांच्या सणाला घडलेली गोष्ट आणि कोजागरीच्या चांदण्यात घडलेली गोष्ट यांची गल्लत या जिल्ह्यातील शेतकरी सहजासहजी करील, असे मला वाटत नाही. तेवढ्याने पौर्णिमाच खरी असे सिद्ध होत नाही, कारण स्मरणाचा दिवस वडीलधारी मंडळी मागाहूनही ठरवितात. परंतु छापील तारीख आणि तोंडी तिथी यांत छापील तीच आपोआप श्रेष्ठ, हा आपला सुशिक्षितांचा समज येथे थबकतो. तोंडी साधनालाही स्वतःचे पंचांग असते.

जोडेघाटच्या मागची कारणे ज्यांच्या लेखणीने प्रथम सविस्तर पुढे आणली ते ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ होते. निजाम सरकारने त्यांस आदिवासींविषयी सल्लागार नेमले होते. म्हणजे हा सरकारच्या पगारी माणसाचा वृत्तांत. असे असूनही त्यांनी १९४५ च्या आपल्या अहवालांत बंडाचे मूळ गोंडांच्या जमिनी हिरावल्या जाण्यात आणि त्यांना राखीव जंगलातून हुसकावून लावण्यात आहे, हे धन्याला न रुचणारे सत्य स्पष्टपणे मांडले. वर सांगितलेला नियम येथेही लागू पडतो. ज्याची भाकरी खातो त्याच्याच विरुद्ध जो लिहितो, त्याचे म्हणणे कान देऊन ऐकावे.

हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या शिक्षणाचा जो उपक्रम चालविला, त्यातील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती, कारण त्या काळच्या साक्षर गोंडांस अक्षरओळख मराठीतून झाली होती. गोंडांच्या कुळकथा किकरीवर गाणाऱ्या परधानांच्या घरीही मराठीच बोलली जाई. आणि आपले सेतुमाधवराव पगडी येथे अधिकारी म्हणून आले, तेव्हा त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. हे सांगण्याचे कारण अभिमान नव्हे. साक्षीदाराची भाषा न कळता घेतलेली साक्ष ही दुभाष्याची साक्ष असते. गोंडीतील उद्गार तेलुगूत, तेलुगूतून इंग्रजीत आणि तेथून वर्तमानपत्राच्या मथळ्यात येईपर्यंत त्याचे काय होत असेल, हे भाषांतराचा अनुभव असलेल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. पगडींसारखा गोंडी समजणारा एक मनुष्य अशा वेळी दहा अहवालांच्या तोडीचा असतो.

५

दुसऱ्यांची साधने तपासताना स्वतःचे साधन तपासावयाचे राहून जाते. म्हणून एक कबुली देतो. १९८१ साली मी अकरा वर्षांचा होतो आणि आम्ही उटनूरला राहत होतो. गेली वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो, की त्या सोमवारी दुपारी अंगणात खेळत असता मी दुरून फटाक्यांसारखे आवाज ऐकले. मुले स्तब्ध होऊन ऐकत. त्या गोंड विद्यार्थ्याने प्रश्न विचारल्यावर मी नकाशा पुढे घेतला. उटनूर ते इंद्रवेल्ली हे अंतर १५ ते २० किलोमीटर आहे. मध्ये डोंगर आणि रान. बंदुकीचा आवाज अंगणात येणे शक्य नव्हते. मी खोटे बोलत नव्हतो. मला तो आवाज आजही आठवतो. पण तो मी ऐकलेला नाही. पुढे जाणत्या वयात ऐकलेल्या हकीकतींनी तो माझ्या बालपणात नेऊन ठेवला.

मग माझ्याजवळ खरोखर काय उरले? इतकेच, की त्या संध्याकाळी वडिलांनी दार लवकर लावून घेतले आणि आईला म्हणाले, ‘‘आता काही दिवस बाजाराला जायचे नाही.’’ ही साक्ष क्षुल्लक आहे, पण ती माझी आहे. आवाजाची साक्ष भारदस्त होती, पण ती उसनी होती. प्रामाणिक मनुष्यही असत्य साक्ष देऊ शकतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःवरून कळणे वेगळे. तेव्हापासून कोणत्याही साक्षीदारास मी तीन प्रश्न विचारतो: तुम्ही पाहिले की ऐकले? ऐकले असल्यास कोणाकडून? आणि तुम्ही तेव्हा कोठे होता? आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि शब्द ही प्रमाणे वेगळी केली, ती उगाच नव्हे.

६

साधने चाळून झाल्यावर लिहिण्याची वेळ येते, आणि तेथे दुसरा खड्डा असतो: शब्दांचा. ‘हत्याकांड’, ‘चकमक’, ‘दंगल’, ‘कारवाई’, ‘हुतात्मा’, ‘जमाव’ यांतील प्रत्येक शब्द निकाल घेऊनच येतो. ‘चकमक’ म्हटले की दोन्ही बाजूंस शस्त्रे होती असे ठरले. ‘हत्याकांड’ म्हटले की हेतू ठरला. निकाल देण्यास माझी हरकत नाही. पण तो पुराव्याच्या शेवटी यावा, पहिल्या ओळीतील नामात लपून येऊ नये.

आपले व्याकरणही कधी कधी पक्ष घेते. ‘इंद्रवेल्लीत गोळीबार झाला’ हे वाक्य निर्दोष दिसते. पण यात कर्ता कोठे आहे? गोळीबार काय वळवाच्या पावसासारखा आपोआप झाला? ‘पोलिसांनी गोळीबार केला’ असे लिहिताच कर्ता आपल्या जागी येतो. याच न्यायाने, सरकारी वृत्तांत देताना ‘एक शिपाई दगावला’ असे गुळमुळीत लिहूनही चालणार नाही. ‘सरकारी वृत्तांतानुसार जमावाने एका शिपायास ठार केले’ असेच लिहिले पाहिजे. तोही कोणाचा तरी मुलगा होता. पुढील काळात या जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी पोलिसांस मारले, खबरे असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांसही मारले. त्यांच्याबद्दल लिहिताना आपण कर्ता गाळतो काय? इंद्रवेल्लीत कर्ता लिहिणारा आणि तेथे गाळणारा, किंवा त्याच्या उलट करणारा, दोघेही सारखेच पक्षपाती. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी ज्यांची नावे वाचली जातात आणि २० एप्रिलला ज्यांच्या स्तूपाशी फुले वाहिली जातात, त्यांच्यासाठी इतिहासकाराचे व्याकरण एकच असले पाहिजे.

७

एक अडचणीची गोष्ट टाळता येत नाही. या वादात आपण मराठी भाषिकही पूर्णपणे परके नाही. या जिल्ह्याच्या जमिनीच्या इतिहासात बाहेरून येऊन शेती, व्यापार व सावकारी करणाऱ्यांत मराठी बोलणारेही होते. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम झाला आणि १९७० साली तो अधिक कडक करावा लागला, तो कोणापासून संरक्षण म्हणून, हे सांगताना आपली जीभ अडखळू नये. स्वतःच्या घराविषयी जे लिहिता येत नाही, ते दुसऱ्याच्या घराविषयी लिहिण्याचा अधिकार आपणास राहत नाही.

याची याहून मोठी परीक्षा आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातच झालेली आहे. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे गुदरले त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली. तिने २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला; उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळले असे नोंदविले. त्याच अहवालात रझाकारांच्या दुष्कृत्यांचाही उल्लेख आहे, आणि हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहव्यवसायिकांस वाचविल्याचाही. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. परिणाम असा झाला, की एका बाजूस ‘काहीच घडले नाही’ असे म्हणण्याची सोय झाली आणि दुसऱ्या बाजूस कोणताही आकडा बेधडक सांगण्याची. कागद दडपल्याने सत्य दडपले जात नाही. दडपली जाते ती फक्त मोजणी, आणि मग अफवेला मोकळे रान मिळते. आपल्या घरातील रझाकारांच्या आठवणी आणि सुंदरलाल समितीचा अहवाल ही दोन्ही एकाच कपाटात ठेवण्याचे धैर्य ज्यास आहे, त्यानेच इंद्रवेल्लीविषयी लिहावे.

८

यावर आम्ही शिक्षकांनी करावयाचे काय? १९८१ साली जो वीस वर्षांचा होता, तो आज पासष्टीच्या घरात आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची पिढी मावळत चालली आहे. अजून वेळ आहे तोवर गावागावातून, कोणत्याही संघटनेच्या फलकाशिवाय, साध्या वहीत नोंद व्हावी: मृताचे नाव, कूळ, गाव, सांगणाऱ्याचे नाते, त्याने पाहिले की ऐकले, मृतास कोठे माती दिली. अशी यादी गावांची गावांशी ताडून पाहिली, तर दुबार नावे गळतील आणि न मोजलेली नावे सापडतील. सांगणाऱ्याची इच्छा नसेल तेथे त्याचे नाव वहीबाहेर जाऊ नये, हेही पाळावे. साक्षीदाराचे संरक्षण हा साधनचिकित्सेचाच भाग आहे. राजवाड्यांनी जुन्या दप्तरांसाठी खेडोपाडी पायपीट केली, तेव्हा त्यांना कागद तरी मिळाले. आपले दप्तर माणसांच्या आठवणीत आहे, आणि त्याला वाळवीपेक्षा वेगाने काळ खातो आहे.

त्या विद्यार्थ्यास मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलाविले. ‘तिन्ही आकडे लिही’ हे माझे सांगणे चुकीचे होते, असे त्यास प्रथम सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या वहीत पुढील मजकूर लिहिला:

‘‘२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सभेस बंदी होती. ती सर्वांस ठाऊक नव्हती, असे अनेकांनी सांगितले आहे. सरकारी वृत्तांतानुसार जमावाने एका पोलीस शिपायास ठार केले. किमान १३ आदिवासी मृत्यू पावले, हे सरकारने मान्य केले आहे. या आकड्यात घरी जाऊन मेलेले धरलेले असतीलच असे नाही. नागरी हक्क संघटनांनी साक्षींवरून ६० वा अधिक हा आकडा दिला. माझे आजोबा शंभराहून अधिक सांगतात.’’

एवढे लिहून झाल्यावर मी त्यास विचारले, ‘‘आजोबा तेव्हा कोठे होते?’’ तो म्हणाला, ‘‘बाजारात.’’ ‘‘मग त्यांच्या ओळखीचे कोण कोण परत आले नाही, ते त्यांना विचार, आकडा विचारू नकोस, नावे विचार.’’

पुढच्या सोमवारी त्याने वही आणली. शेवटच्या वाक्याखाली त्याने चार नावे लिहिली होती, प्रत्येकापुढे गाव, आणि प्रत्येकापुढे ‘आजोबांनी पाहिले’ किंवा ‘आजोबांनी ऐकले’. पाहिलेली दोन होती, ऐकलेली दोन. मी त्यास पूर्ण गुण दिले.